अर्धा झालेला बैल

मिस्त्रींच्या घरात खुर्ची नव्हती. नांदूरघाटच्या शाळेत रुजू झाल्यावर मी खोली बघायला त्यांच्या दारात गेले, तेव्हा अंगणभर लाकडाचा भुगा पडलेला होता. त्या भुग्यात एक बिनडोक्याचा हत्ती उभा होता आणि हत्तीच्या पोटाखाली पाय पसरून एक उंच, हाडकुळा माणूस बसला होता. कानावर पेन्सिल. मी खोलीबद्दल विचारलं. त्यांनी माझ्याकडं न बघता हत्तीची पाठ थोपटली आणि म्हणाले, "बसा."

मला वाटलं, हत्तीला म्हणतायत.

"तुमालाच म्हन्लं बाई. बसा की. पडत न्हाई त्यो."

हातात पर्स, अंगावर कडक इस्त्रीची साडी, अशी मी त्या हत्तीवर एका बाजूला पाय सोडून बसले. ते उठून मागं सरकले, डोळे बारीक करून त्यांनी बघितलं ते माझ्याकडं नव्हे, माझ्याखालच्या लाकडाकडं. मग आत हाक मारली, "आगं, पाठ लई रुंद झाली. बाईचे पाय लोंबकळायलेत." आणि राहून गेलेलं आठवावं तसं मला म्हणाले, "खोली हाय. मागची. ऱ्हावा."

त्या मागच्या खोलीत माझ्या तरुणपणाची बहुतेक वर्षं गेली. पुढं बदली झाली, मी बीडला आले, तरी दर उन्हाळ्यात जाऊन येत असे. गेल्या उन्हाळ्यात मात्र जाण्याआधीच काकूंचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा, फोन आला. "बाई, मिस्त्री गेले. तुमाला कळवा म्हन्लेते." त्यानंतर फोनमधून बराच वेळ नुसता अंगणातल्या चिमण्यांचा आवाज येत राहिला.

जत्रेत लाकडी जनावरांचा गोल फिरणारा पाळणा येतो, त्याला आमच्याकडं चक्री म्हणतात. मधे खांब, खांबाला आडवे वासे, वाशांना लटकवलेले घोडे, हत्ती, उंट, मोर. माणसं ढकलायची, पोरं फिरायची. ती जनावरं मिस्त्री करत. तसे ते गावचे सुतार. दारं, खिडक्या, बाजा, तिफणी हे सगळं त्यांच्याकडंच यायचं, पण त्याला ते काम समजत नसत. दार मागायला आलेल्या माणसाला वर्षभर फिरवायचे आणि चक्रीवाल्या आप्पांचा निरोप आला की हातातली चौकट तशीच टाकून उठायचे. "निम्म्या गावाच्या दारानला पडदे हायेत," काकू म्हणायच्या, "ते फ्याशन म्हनून न्हाईत. ह्यांच्यामुळं हायेत."

खुर्ची का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "खुर्चीत मानूस नुसता बसतो. त्याचा मला काय उपेग?" घरी येणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी एक बैठक तपासायचं साधन होता. पाहुणा, पोस्टमन, मत मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांना ते अर्ध्यामुर्ध्या जनावरावर बसवत आणि लांबून बघत. मुलीच्या सोयरिकीला कडा गावाहून माणसं आली तेव्हा मुलाच्या वडलांना त्यांनी उंटावर बसवलं आणि मामांना मोरावर. काकू आतून खुणा करून थकल्या. बोलणी मात्र झटक्यात उरकली. कारण लाकडी उंटावर बसून माणसाला फार वेळ ताठा दाखवता येत नाही.

मीही संध्याकाळी वह्या घेऊन अंगणात एखाद्या घोड्यावर बसायची. पेन चालू असताना रंध्याचा आवाज चालू असे. एकदा ते थांबून म्हणाले, "बाई, तुमी तपासताना लई पुढं झुकता. पोरं बी झुकत्यात, भ्याली म्हंजी. ह्याची मान जरा वर घिऊ का?" आणि त्यांनी घेतली. त्या घोड्याची मान इतरांपेक्षा उंच होती. जत्रेत तो चटकन ओळखू यायचा.

काचपेपर घासायचं काम कंटाळवाणं. त्या वेळी त्यांना मी काहीतरी वाचून दाखवलेलं चालत असे. पण त्यांची अट होती. गोष्टीत जनावर पाहिजे. मी शाळेच्या ग्रंथालयातून चांगल्या कादंबऱ्या आणायची. ते पानभर ऐकायचे आणि विचारायचे, "आजून कोन आलं न्हाई का?" नायक-नायिका, त्यांचे सासरे, वकील, सगळे येऊन गेलेले असत. "कोण म्हणजे?" मी विचारायची. "कुत्रं, मांजर, कायतरी." शेवटी एखाद्या पानावर टांग्याचा घोडा आला की हात थांबायचा. "रंग कोनता?" लेखकानं रंग दिलेला नसला की ते त्या लेखकावर कायमचे नाराज होत.

त्यांनी सिंह कधी पाहिला नव्हता. हत्ती सर्कशीत पाहिला होता, उंट रस्त्यानं जाताना. सिंह मात्र देवळाच्या कमानीवरचा आणि बिस्किटाच्या डब्यावरचा, असे दोन मिळून एक केला. मिशा जरा जास्त झाल्या. काकूंनी आतून येऊन बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"ह्यो सिव्ह न्हाई. माझा भाऊ हाय."

मिस्त्री जरा बघत राहिले. "मग तुजा भाऊ काय कमी हाय का?"

तो भाऊ पुढं जत्रेत आला आणि आपली पोरं मुद्दाम त्या सिंहावर बसवून गेला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींचं एक वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. जनावर तासून, जोडून, अस्तर देऊन, रंगवून टेम्पोत चढायला तयार झालं, आणि कुणी म्हणालं की झाला बरं का घोडा, की ते म्हणत, "अर्धा झालाय." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो विनय वाटला. विनय त्यांच्या अंगात अजिबात नव्हता. आपल्याइतका घोडा मराठवाड्यात कुणाला येत नाही, असं ते कुणाच्याही तोंडावर सांगत. अर्धा म्हणजे त्यांना खरोखरच अर्धा म्हणायचं होतं. उरलेला अर्धा पोरांनी करायचा. बसून, उतरून, टाचा मारून, घाबरून मान धरून. दोन-तीन जत्रांनंतर पाठीवरचा रंग उडायचा, लाकूड दिसायला लागायचं, मग ते लाकूडही गुळगुळीत व्हायचं, हात घसरेल असं. असं झालेलं जनावर दिसलं की मिस्त्री त्याच्या पाठीवरून तळहात फिरवत आणि म्हणत, "आता झाला."

आप्पांशी त्यांचं यावरूनच वाजायचं. आप्पा म्हणजे लिंगायत व्यापारी, भुसाराचं दुकान, कपाळाला भस्म, बोलणं गोड. चक्री त्यांच्या वडलांची. दर वर्षी जत्रेआधी नवा रंग द्यायचा, असा आप्पांचा शिरस्ता.

"शरणार्थ मिस्त्री. औंदा सगळ्यास्नी नवा रंग द्या. पाठी उघड्या पडल्यात."

"पाठीला हात लावनार न्हाई."

"आवो गिऱ्हाईक म्हनतंय जुनी जनावरं हायेत."

"गिऱ्हाईक किती वर्साचं हाय? धा वर्साचं. त्याला जुनं काय कळतंय?"

आणि मग सगळ्या जनावरांना नवा रंग मिळायचा, पाठी सोडून.

बैलाची गोष्ट निघाली ती काकूंच्या टोमण्यातून. आम्ही तिघं चहा घेत होतो. मिस्त्री नेहमीप्रमाणे स्वतःची वाखाणणी करत होते. काकू म्हणाल्या, "वाघ केला, सिव्ह केला, मोर केला. जे कवा बघितलं न्हाई तेवढंच करायलाव. ज्याच्याबरूबर उभी हयात गेली त्यातलं एक तरी केलं का?"

"तुजं करू का?"

"माजं नगं. बैल करा की."

मिस्त्रींनी चहा तसाच ठेवला.

तो बैल करायला त्यांना एक अख्खा पावसाळा लागला. कडुनिंबाचं जुनं खोड त्यांनी कुठून तरी मिळवलं. वडलांच्या दावणीला एक तांबडा बैल होता, तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता. काम करताना ते नेहमी लाकडाला शिव्या देत, "हाल बे जरा," "कावून आडतोस बे." या बैलाशी ते तसं बोलले नाहीत. मी वाचायला बसले तर म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या बाई." वशिंड, गळ्याखाली लोंबणारी कातडी, चालताना उचललेला एक पाय, हे सगळं उतरलं. शिंगं त्यांनी वेगळ्या लाकडाची केली आणि आठवडाभर नुसती घासली. शेवटी मानेवर, जू बसतं त्या जागी, पटाशीनं अगदी हलक्या हातानं एक घट्टा काढला. वर्षानुवर्षं ओढणाऱ्या बैलाच्या मानेवर जसा असतो तसा. मी त्यावरून बोट फिरवलं आणि न राहवून म्हणाले, "मिस्त्री, फार छान झालाय."

"कुनी बसलं का?"

आप्पांनाही तो आवडला. चक्रीत पुढच्या बाजूला, घोड्यांच्या ओळीत त्याला जागा मिळाली. जवळच्या एका महादेवाची जत्रा होती. ऊसतोडीहून परतलेली माणसं, सहा महिन्यांनी गाव बघणारी पोरं, नवे कपडे. मिस्त्री सकाळपासून चक्रीजवळ उभे होते. मी त्यांच्यासोबत होते, कारण एवढं अस्वस्थ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पहिली आली ती एक म्हातारी, नातवाचं बोट धरून. नातू बैलाकडं निघाला. म्हातारीनं त्याला मागं ओढलं, पायातल्या चपला काढल्या, बैलाच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि नातवाला शेजारच्या घोड्यावर बसवलं.

मिस्त्री हसले. "जुनं मानूस."

मग दुसरी बाई आली. तिनं कुंकू लावलं. दुपारपर्यंत बैलाच्या पाठीवर बेलाची पानं पडली होती आणि कुणीतरी खुरापाशी नारळ फोडला होता. चक्री थांबली की बाया पुढं येत, वाकून बैलाच्या कानात काहीतरी सांगत आणि कान हातानं झाकत. महादेवाच्या दारात नंदीच्या कानात मागणं सांगतात, तसं. सगळ्या घोड्यांवर पोरं दाटलेली आणि बैल मोकळा.

मिस्त्री पुढं झाले. "आवो ह्यो नंदी न्हाई. बैल हाय. बसवा पोरं."

बायांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते दोन पावलं मागं आले.

"आप्पा, तुमी तरी सांगा. नंदी बसलेला आस्तो. ह्यो चालायलाय. आन् नंदीच्या मानेवर घट्टा आस्तो का कुटं?"

आप्पांचे डोळे भरून आले होते. "मिस्त्री, तुमच्या हातून देव घडला, आन् तुमी काय बोलताव?"

"तुमी बसवा एक पोरगं. एकच. बाकीची आपसूक बसत्याल."

"मी लिंगायत मानूस. नंदीवर पोरगं बसवू? घरी गेल्यावर मला कुनी ताट वाढंल का?"

परत येताना मिस्त्री पुढं चाललेल्या बैलगाडीच्या चाकाकडं बघत चालले होते. एकदाच बोलले. "पुजा केल्यानं लाकूड घासतंय का बाई?"

पुढच्या जत्रेपर्यंत त्यांनी बरंच डोकं चालवलं. वेसण घातली, शिंगांना रंग दिला, पाठीवर रंगीत झूल रंगवली, म्हणजे घरचा बैल वाटावा. घरच्या बैलाची पोळ्याला पूजा होते हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्या वर्षी लोक पुरणपोळी घेऊन आले.

त्यानंतरच्या वर्षी, जत्रेच्या आधी एका सकाळी मी शाळेला निघाले होते. मिस्त्री बैलासमोर करवत घेऊन उभे होते. चक्री जत्रेआधी त्यांच्या अंगणात डागडुजीला येई.

"काय करायलात?"

"खंडित मूर्ती कुनी पुजत न्हाई," ते म्हणाले. "आसं तुमच्या पुस्तकात बी आसंल."

असेल, मी म्हणाले. काकू दारात आल्या होत्या. मिस्त्रींनी डाव्या शिंगाला करवत लावली आणि परत काढली. मग दुसऱ्या बाजूनं येऊन लावली. ती शिंगं त्यांनी कशी घासली होती हे मी बघितलं होतं. टोक खाली पडलं तसं ते वाकले, उचललं, खिशात टाकलं आणि हातपाय धुवायला गेले.

जत्रेत म्हातारी माणसं मोडक्या शिंगाकडं बघून हळहळली. एकजण शेजारच्याला सांगताना आम्ही ऐकलं, "कुनाचं तरी गंडांतर नंदीनं शिंगावर घेतलं बघा." संध्याकाळपर्यंत ते सगळ्या जत्रेत पसरलं आणि रांग लागली.

तेव्हा मिस्त्री स्वतः गेले. टोपी नीट केली, रांगेतल्या लोकांना हातानं बाजूला केलं आणि बैलावर टांग टाकून बसले. पाय जमिनीला टेकत होते, ते त्यांनी दुमडून वर घेतले. "ढकला बे," म्हणाले. ढकलणाऱ्यांनी आप्पांकडं बघितलं, आप्पांनी डोळे मिटले होते. चक्री फिरली. कुणी हसलं नाही. पांढऱ्या मिशांचा तो माणूस, दोन्ही हातांनी वशिंड धरून, रागानं समोर बघत आमच्यापुढून जात होता, परत येत होता, परत जात होता. बघता बघता कडेचे लोक हात जोडायला लागले. एक बाई दुसरीला म्हणाली, "अंगात आलंय." खाली उतरले तेव्हा त्यांना भोवळ आली होती. मी आधार द्यायला पुढं झाले, तोवर कुणीतरी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

ते परत जत्रेला गेले नाहीत. जनावरं करत राहिले, पण बैल दुसरा केला नाही. काही वर्षांनी बाजारात फायबरची जनावरं आली, आप्पांच्या मुलानं चक्रीला मोटार बसवली, आणि मिस्त्रींच्या घोड्यांची रवानगी गोदामात झाली. मी एका उन्हाळ्यात गेले असताना ते फायबरचा घोडा बघून आले होते. "चांगला हाय," म्हणाले. मला आश्चर्य वाटलं. मग म्हणाले, "पन त्याचं काय व्हनार न्हाई. हाय तसाच ऱ्हाईल बिचारा."

शेवटच्या भेटीत ते बाजेवर होते. हात थरथरत होते म्हणून चहा काकू बशीनं पाजत होत्या. मी घोड्यावर बसले होते, सवयीनं. बोलता बोलता म्हणाले, "सगळी झाली बाई. एक अर्धं ऱ्हायलं." मी म्हणाले, लोक एवढं मानतात त्याला. "मानत्यात," ते म्हणाले आणि कूस बदलली.

मिस्त्री गेले त्या वर्षी दसरा झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. परत निघताना त्या म्हणाल्या, "फाट्यावर थांबून बघा. आप्पानी बैलाला घर केलंय." फाट्यावर लिंबाखाली सिमेंटचा ओटा होता, वर पत्रा. ओट्यावर बैल. मोडक्या शिंगाला कुणीतरी पितळेचं टोपण बसवलेलं. अंगावर तेलाचे थर. उजवा कान मात्र सांगून सांगून, झाकून झाकून रंग जाऊन गुळगुळीत झाला होता, लाकूड चमकत होतं. मी त्यावर हात ठेवला. क्षणभर वाटलं, झाला की हा. मग वाटलं, त्यांना हे चाललं नसतं. कान म्हंजी पाठ न्हवं बाई, असंच म्हणाले असते.

ओट्याच्या कडेला आप्पा बसले होते, फार थकलेले. कपिलधारच्या यात्रेला आता जायला होत नाही, म्हणाले, म्हणून रोज इथं येतो. फाट्यावर ऊसतोडीला निघालेली माणसं ट्रॅक्टरची वाट बघत होती. बोचकी, भांडी, कोयते, पत्र्याच्या पेट्या. त्यातली एक तरुण बाई काखेत पोर घेऊन गाठोडं बांधायला बघत होती. एका हातानं गाठ बसेना. तिनं इकडं तिकडं बघितलं, सरळ ओट्याशी आली आणि पोराला बैलाच्या पाठीवर ठेवून दिलं.

"आगं ए," आप्पा उठायला लागले. "नंदी हाय त्यो."

"आसू द्या की आजोबा. बैलच हाय न्हवं? जरा धरा त्याला, पडंल." आणि ती गाठ मारायला खाली बसली.

आप्पांचा हात पुढं गेलेला होता. पोर डुलायला लागलं तसा तो हात त्याच्या पाठीला टेकला. चालताही न येणारं ते पोर, कमरेला नुसता करदोडा. त्यानं वशिंडावर दोन्ही तळवे आपटले, टाचा मारल्या, आणि मग सावकाश, सगळ्यांसमोर, बैलाच्या पाठीवर धार सोडली. ती तांबड्या रंगावरून वाहत आप्पांच्या बाहीत गेली.

"आगं बाई," ती उठली, पदरानं पुसायला लागली. "सोन्या, काय केलंस रे हे. द्या आजोबा, घेते मी."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी बाही झटकली, पोराला जरा मागं सरकवून बैलाच्या पाठीच्या मधोमध नीट बसवलं आणि तिला म्हणाले, "बसू दे. ट्रॅक्टरला येळ हाय आजून."